पसंतीक्रम

फॉर्मची मुदत गुरुवारी दुपारी चारपर्यंत.
आज सोमवार, म्हणजे खरं तर मंगळवारची पहाट,
तीन वाजून दहा मिनिटं.
ॲबरडीनवर समुद्रातून धुकं चढून आलंय,
हेलिपॅडचे दिवे त्यात विरघळत चाललेत
जिभेवर ठेवलेल्या गोळीसारखे.

मी मॉरवन गेडिस, वय सव्वीस.
मला अजून घराचे पडदेसुद्धा निवडता आलेले नाहीत,
सप्टेंबरपासून खिडकीला चादर टांगलीय.
आणि हा फॉर्म विचारतो,
पुढची तीस वर्षं कुठल्या दाराशी उभी राहशील?

पहिल्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं: गावातला दवाखाना.
हंटलीला रेनीबाईंचा होता, तसा.
त्यांच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा:
मॉरवन, साडेतीन वर्षं.
मॉरवन, सात, पुढचे दोन दात गायब.
अशा डॉक्टरला लोक लग्नाला बोलावतात,
बटाट्याचं पोतं दाराशी ठेवून न सांगता निघून जातात.

इथे वरच्या मजल्यावर चौकटी कोऱ्या.
इथे मुलं वाढत नाहीत, बरी होतात,
किंवा नाही होत.
दोन्हींनंतर खाट पुसली जाते
त्याच निळ्या फडक्यानं.

खाट सहा. मॅग्नस, सात आठवड्यांचा,
लर्विकहून हेलिकॉप्टरनं आणलेला.
धुकं सैल होईपर्यंत दोन तास तिथेच अडकला होता.
दर श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय,
मिनिटाला बहात्तर.
त्याची आई मेंढ्यांबद्दल बोलतेय. फक्त मेंढ्यांबद्दल.
कुंपणाची तार कुठे तुटलीय,
शेजारी चारा घालायला विसरेल का.
मेंढ्यांतलं मला ओ की ठो कळत नाही.
पण ती गप्प झाली की मॉनिटर मोठ्यानं वाजू लागतो,
म्हणून मी विचारत राहते: मग? काळ्या तोंडाच्या किती?

डॉ. स्ट्रॅकन कधी सल्ला देत नाहीत,
चहात बिस्कीट बुडवतात नुसतं.
काल म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, रस्त्यात कुणी ओळखत नाही.
मी घरी पाठवलेली पोरं
बसमध्ये माझ्याच शेजारी बसून कर्णकर्कश गाणी लावत असतील.
'जरा आवाज कमी कर' एवढंही हक्कानं म्हणता येत नाही.
चालेल का तुला? बघ बाई."
बिस्कीट तुटून कपात पडलं.
त्यांनी ते चमच्यानं काढून खाल्लं.

माझे बाबा बंदरात पायलट होते.
जहाज बाहेर थांबायचं, हे छोट्या बोटीतून जायचे,
दोराच्या शिडीनं वर.
शेवटचे दोन मैल, उथळ पाणी, धक्क्याच्या भिंती,
की उतरून सरळ घरी, सूप गरम करायला.
मी एकदा विचारलं, ते जहाज पुढे कुठे गेलं?
"मला कसं ठाऊक असणार?" म्हणाले,
जरा वैतागूनच. गुडघा दुखत होता त्यांचा.
उगाच यातून काही मोठं काढायला नको.
त्या शिडीवरून ते एकदा पडलेही होते.

पावणेचार. चौसष्ट.
साडेचार. अठ्ठावन्न.
शीना सिस्टर तोंडावर बोट ठेवून दाखवते:
आई झोपलीय, मेंढ्यांचं वाक्य अर्ध्यावर सोडून.

मार्चमध्ये, दवाखान्याच्या ड्यूटीवर,
मी दुपारभर भिंतीवरचं घड्याळ बघायचे.
इथे रात्रभर बघितलं,
पण श्वास मोजायला.
हे लक्षात आलं आणि मला सपाटून भूक लागली.

चादरींच्या खोलीत उभ्यानं टोस्ट खात
फोनवर पहिला रकाना खोडला, दुसरा वर ओढला.
खाली विचारलं होतं: कारण लिहा, दोनशे शब्दांत.
गुरुवारपर्यंत वेळ आहे.

सहा वाजता, नाकातली नळी न हलवता,
मी मॅग्नसच्या डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरली.
औषधाच्या हिशेबाला वजन पुरतं,
लांबी कुणी विचारली नव्हती.
सत्तावन्न सेंटीमीटर.
तळहातावर लिहून ठेवली, पेननं.